जुन्या मशीनचा स्विच

शनिवार, ११ जानेवारी २०२५

काल मी खोटं बोलले आणि दोष आमचा इन्व्हर्टर बसवणाऱ्या कैलासवर गेला. कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहिते.

हिमानी, माझी मुलगी, पीएचडीचं काम घरून करते. द्रवाने भरलेल्या टाकीतून एक सूक्ष्म कण जातो, लाखो प्रकाशकण उडतात — टाकीच्या भिंतीवरच्या, प्रकाश टिपणाऱ्या यंत्र-डोळ्यांपर्यंत त्यातले किती पोचतात, ते कॉम्प्युटरवर काढायचं. जुनं मशीन एकेकाच्या मागे जातं. नऊ दिवस! नव्यात ग्राफिक्स कार्ड आहे, पोरं गेम खेळायला घेतात तसलं. ते हजारो कण एकदम हाकतं. चाळीस मिनिटं.

गुरुवारी नव्याचं उत्तर आलं. मग जुनं कशाला घरघरतंय? काल ती बाहेर गेली असताना मी झाडताना स्विच बंद केला. आठवा दिवस होता. अर्धवट राहिलं की सगळं पुसलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

तिने विचारलं. म्हटलं, "लाईट गेली होती." शुक्रवारी बदलापुरात लाईट जातेच — कोण शंका घेणार?

"मग इन्व्हर्टर काय करत होता? कैलासदादांनी नीट बसवलाच नाही."

मी कणीक मळायला घेतली.

रविवार, १२ जानेवारी

जुनं उत्तर का हवं, ते विचारलं. "दोन्ही जुळल्याशिवाय कार्डावर विश्वास कोण ठेवेल, आई?"

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मी तीस वर्षं हेच बजावलं. दोन पद्धतींनी मोजा.

सोमवार, १३ जानेवारी

कैलास आला, उल्हासनगरहून. माझाच विद्यार्थी. शेजाऱ्याचे आकडे उतरवले म्हणून त्याचं जर्नल मी वर्गासमोर फाडलं होतं.

"मेन बंद करून पाहिला, ताई, इन्व्हर्टर लगेच चालू होतो. लाईट गेल्याने मशीन बंद पडलंच नसेल."

"म्हणजे आई खोटं बोलते?" हिमानीने विचारलं.

तो हसला. "मॅडम आणि खोटं? मग माझीच वायर ढिली असेल. बदलून देतो."

मी चहा टाकायला आत गेले.

मंगळवार, १४ जानेवारी

कैलासने तिळगूळ पाठवला.

गुरुवार, १६ जानेवारी

हिमानीला उद्या सकाळी पीएचडीच्या सरांना काम पाठवायचंय. पुन्हा लावलेलं जुनं मशीन सोमवारी संपेल.

"कार्डाचेच आकडे घेते," हिमानी म्हणाली. "थोडे इकडेतिकडे करते आणि जुन्याचे म्हणून लिहिते. जुळणारच होते."

ओरडायला तोंड उघडलं आणि स्विच आठवला.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी, तिने पाठवण्याआधी, हिमानीच्या हाती दिली: ही वही, शनिवारचं पान उघडून. तिने उभ्यानेच सगळं वाचलं. बनवलेला तक्ता काढून टाकला. सरांना लिहिलं — तुलना सोमवारनंतर.

दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला, कैलासच्या दुकानात गिऱ्हाइकं असताना, त्याला दिली: सोमवारी त्याने काढून ठेवलेली जुनी वायर. ती धड होती, स्विच मी बंद केला होता, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.