५,१०,५११ आणि मागची खोली

मी, क्रांती अर्जुना कोळेकर, वय ४७ (ही मूळ संख्या आहे; या वेळी नीट तपासली), गणिताची शिक्षिका, राहणार म्हसवड, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, हे पुढे संबंधितांना कळेलच.

१. घर. बारा वर्षांपूर्वी सासरे वारले, तेव्हा धाकट्या नणंद सुलाबाई यांनी वाटणी मागितली. मी त्यांना ५,१०,५११ ही संख्या दाखवली. २, ३, ५, ७, ११, १३, १७ यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवला की ती येते. यातल्या कशानेही भागले तरी एक उरतोच. म्हणून ती मूळ संख्या, कशानेच न फुटणारी, आणि आपले घरही तसेच, असे मी सांगितले. दारावर ती ऑइलपेंटने रंगवलीसुद्धा. सुलाबाईंनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला आणि मेंढरे घेऊन माळावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेल्या. यजमानांनी मग हयातीतच घर माझ्या नावे केले.

खरे कारण, मला मागची खोली शिकवणीसाठी हवी होती.

गेल्या रविवारी त्या दारासमोर बसून म्हणाल्या, "वैनी, ह्यो आकडा फुटतोय की."

"कशानं?"

"एकोणीसनं. आमच्यात वीस मेंढरांची एक विशी. त्यातलं एक सिद्धनाथ देवाचं, एकोणीस घरची. पंचवीस हजार पाचशे पंचवीस विशा, वर अकरा. दर विशीतली घरची काढली की एक उरतं. त्यात वरची अकरा घालायची, परत विशा करायच्या. करत गेलं की शेवटाला एकोणीसच ऱ्हातात. ती घरचीच. देवाला काय न्हाई!"

मी पडताळले. १९ × ९७ × २७७. सतराच्या पुढे मी भागूनच पाहिले नव्हते.

२. सबब घराचे तीन सारखे भाग करावेत: मुलगा इंद्रजित, मुलगी उत्कर्षा आणि सुलाबाई. मागची खोली सुलाबाईंची. १९, ९७ आणि २७७ पुढे फुटत नाहीत. तरी सुलाबाईंना एकदा विचारावे.

३. फळ्यावरचा लाकडी कंपास उत्कर्षाला. इंद्रजितने त्याने चिंचा पाडल्या आहेत.

४. सहशिक्षक भाऊसो यांना ही चूक बारा वर्षे माहीत होती. "मॅडमना वाईट वाटंल," म्हणून ते गप्प राहिले. ते साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, हे कायद्याचे उपकार.

५. दारावरची संख्या पुसू नये. खाली तिचे अवयव लिहावेत.

६. वरील मजकूर सुलाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजी खोलीसाठी तुमच्या मरायची वाट बघू व्हय? लय उशीर हुईल, वैनी."

सबब मागच्या खोलीपुरते हे मृत्युपत्र आजच रद्द. बाके ओसरीत काढली आहेत. किल्ली सुलाबाईंना दिली.

सही: क्रांती अर्जुना कोळेकर
साक्षीदार: १. भाऊसो (खाली मान घालून) २. शिवांजली, शेजारीण
म्हसवड, १९ जानेवारी २०२५