कुपीची शेपटी

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सोडलेल्या टेबलावर बसून मला आठ महिने झाले. काम तेच: काचेच्या कुपीतल्या धातूच्या वाफेवर लेसर पाडायचा आणि अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांच्या आतल्या फिरकीचे अक्ष, एका दिशेला वळवायचे. वळतात लगेच, टिकत नाहीत. अणू काचेवर आपटला की दिशा विसरतो, म्हणून आतून मेणाचा थर. तुझ्या कुपीत दिशा नऊशे मिलिसेकंद टिकते. माझ्या अकरांपैकी सर्वांत चांगलीत चाळीस. मी तुझी वही शब्दशः पाळते.

वीस तारखेला सर प्रयोगशाळेच्या मोजणीच्या यंत्रात एक कुपी कायमची बसवणार. माझा प्रबंध त्याच मोजमापावर आहे आणि तो तुझ्या कुपीवर व्हावा असं मला वाटत नाही. काल सर म्हणाले की ताईचा हातच वेगळा होता. मी हो म्हटलं.

तुला काही आठवतं का, एवढंच विचारायचं होतं. भावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा असू दे.

तुझी,
बारकी

९ ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

'एवढंच' वाचून हसले. लहानपणी माझी रंगपेटी हवी असली की तू अशीच, माझ्याकडे न बघता चौकशी करायचीस.

मी इथे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. बरं चाललं आहे. पण तुझं पत्र आलं की दोन दिवस उघडत नाही. त्यात माझं टेबल असतं.

वहीत एक ओळ मी लिहिली नाही. विसरले नव्हते. कुपी ओव्हनमध्ये शेकताना तिची शेपटी, म्हणजे खालची बारीक नळी, बाहेर थंड ठेवायची. नाहीतर धातू मेणावरच बसतो. माझ्या जागी तू येणार हे कळलं, तेव्हा मी तेच पान लिहीत होते. दुसरं कोणी असतं तर लिहिली असती.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझी,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेपटी बाहेर ठेवली. बाराव्या कुपीत नऊशे साठ. तीनदा मोजलं. उद्या तीच बसेल. सर म्हणाले की अखेर ताईचा हात तुझ्यात उतरला. मी याही वेळी हो म्हटलं.

रागावणार होते. पण सोमवारी नवी मुलगी येते आहे. फार हुशार आहे, असं सर दोनदा म्हणाले. वही तिला द्यायची आहे. ती ओळ लिहायला पेन उघडून बसले होते. तू पानावर त्या ओळीपुरती जागा सोडली आहेस, हे तेव्हा दिसलं.

जागा अजून मोकळीच आहे.

लोभ असू दे.

तुझीच,
बारकी