सोमवार ते शुक्रवार

प्रिय आत्या,

वसतिगृहाच्या फॉर्मवर जेवणाचे दोन पर्याय होते: आठवडाभर, नाहीतर फक्त सोमवार ते शुक्रवार. मी आठवडाभराचं घेतलं असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. माझ्या फीसाठी चटया विणून तुमची बोटं सुजलीत, म्हणून मी स्वस्तातलं निवडलं.

शनिवार ब्रेडवर निभतो. रविवार मात्र खायला उठतो. घरी तुम्ही जमिनीतली भट्टी उघडत असाल, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजलेलं मटण वाफाळत असेल, हे डोक्यातून जात नाही.

इथे डनीडिन शहरात आपल्या टोंगा बेटांवरच्या लोकांचं चर्च आहे. प्रार्थनेनंतर सगळे एकत्र जेवतात. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी टाळत होते. काल गेले, पण प्रार्थना संपताच निघाले. दारातच एका म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"कुणाची गं तू?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"कलोलैनेची भाची? आणि उपाशी निघालीस? माझी अब्रू घालवतेस होय गं!"

तिनं ताट भरून दिलं. अळू मिळत नाही म्हणून पालक घातला होता, तुमच्या हातची चव नव्हती. तरी दोनदा वाढून घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिनं तिसऱ्यांदा वाढलं.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंत तर तुम्ही आणखी विणत बसाल. दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "जेवलीस ना?" मी हो म्हणते. काल पहिल्यांदाच ते खरं होतं.

तुमच्या हातच्या घासासाठी आसुसलेली,
लेसिएली