अप्पा फ्लेक्स उतरवू देत नाहीत

प्रिय वैजू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर बघून तरी फाडणार नाहीस. दुकान बरं चाललंय असं कळलं, हैदराबादेत मोबाइल बिघडायला काय कमी. इथं देगलूरला सगळं जागच्या जागी आहे, तुझे अप्पा सोडून.

त्यांच्या पुस्तकाचं तुला माहीतच आहे. 'उठा, यश दारात उभं आहे'. बँकेतून रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, यांनी पदरमोड करून यशाचं पुस्तक छापलं. दुसऱ्यांची तसली पुस्तकं वाचून वाचून डोक्यात भिनलं होतं. पहाटे उठा, ध्येय भिंतीवर लिहा, अपयशी माणसाच्या सावलीला बसू नका. मी म्हणायची, आधी दुधाची पिशवी आणा, मग ध्येय गाठा. लग्नाचा मांडव असो की मयताची बैठक, यांच्या पिशवीत चार प्रती असायच्याच. आणि तिसऱ्या प्रकरणात तू होतास, नावानिशी. लातूरचा क्लास अर्ध्यात सोडून आलेला, जिद्द नसलेला मुलगा. ते वाचून तू गेलास तो गेलासच. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

या उन्हाळ्यात खप वाढावा म्हणून त्यांनी बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला. फोटो रिटायरमेंटच्या सत्काराचा, गळ्यात हार. छापणाऱ्या अजहरनं घाईत श्रद्धांजलीचंच डिझाइन उचललं, कोपऱ्यांतल्या समया तशाच राहिल्या. अप्पांना तर लई आवडला, म्हणाले, कसं भारदस्त वाटून राहिलंय. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. खालचं पुस्तकाचं नाव वाचतो कोण? चतुरा आत्या देवणीहून जीप करून आल्या, अंगणातूनच हंबरडा फोडला, आणि दार उघडलं ते तुझ्या अप्पांनी. बाई मटकन खालीच बसल्या. मी पोट धरून हसले, वैजू. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

सावरल्यावर आत्या म्हणाल्या, झालं ते बरंच झालं. पूर्वी कुणाच्या डोक्याला कावळा शिवला की मरणाचा अपशकुन मानायचे, आणि मुद्दाम मेल्याची खोटी खबर धाडायचे. रक्ताची माणसं रडली की अरिष्ट टळतं. हणमंता, तुझं आयुष्य वाढलं बघ. सगळे हसत चहा प्यायले. अप्पा मात्र कपाकडं बघत बसले आणि हळूच म्हणाले, वैजू रडला असंल का गं?

दुसऱ्या दिवशी दुपारी नजीरभाई सांगत आले. त्यांचं घड्याळाचं दुकान त्या फ्लेक्सखालीच. सकाळच्या गाडीनं तू आला होतास म्हणे. फ्लेक्सच्या खांबाला डोकं टेकून लहान लेकरासारखा रडलास. त्यांनी तुला ओळखलं, पाणी दिलं, म्हणाले, बेटा, कायकू रडतो, अप्पा घरी चहा पिऊन राहिले, जा की. तू डोळे पुसलेस आणि परतीच्या गाडीत जाऊन बसलास. घर चार गल्ल्यांवर होतं रे. अप्पांनी ते ऐकलं आणि नजीरभाईंना परत परत तेच विचारत राहिले. कुठल्या खांबाशी. कसा रडला.

तेव्हापासून ते फ्लेक्स उतरवू देत नाहीत. अजहर शिडी घेऊन गेला, तर त्याला हाकलून दिलं. उन्हानं फोटो पांढराफटक पडलाय, एक डोळा पार गेलाय. रोज हैदराबादची सकाळची गाडी यायच्या टायमाला अप्पा समोरच्या बंद टपरीच्या आडोशाला जाऊन उभे राहतात. नवखी माणसं फोटोकडं बघतात, मग यांच्याकडं, आणि वाट बदलतात. घरात बोलणं नाही. पावलं वाजत नाहीत. मी कुंकू लावताना कधी आरशात मागं उभे दिसतात, तर वळून आधी हात लावून बघते. अंग गरम लागलं की मगच टिकली टेकवते.

काल पुस्तकांचे खोके उन्हात घालायला काढले. प्रत्येक प्रतीतून तिसरं प्रकरण ब्लेडनं कापलेलं. तुझं नाव कुठंच राहिलं नाही. मला वाटलं, चला, माणूस वळला. मग खोक्याच्या तळाशी पुडी सापडली. त्यांच्या बीपीच्या गोळ्या. मी रोज हातावर ठेवते त्या, गिळल्यागत करून लपवलेल्या. पुडी पुढं केली तर चिडले नाहीत. म्हणाले, शिवकांता, फोटोला हार दिसला तवाच पोरगं आलं. जित्या माणसाकडं ते येणार न्हाई. वैजू, फ्लेक्स मी नजीरभाईंना सांगून उतरवीन. पण या गोळ्या त्यांच्या घशाखाली उतरवणं माझ्या हातात नाही. पत्र मिळेल त्या दिवशी नीघ, पण दुपारच्या गाडीनं ये, तेव्हा ते घरी असतात. बसस्टँडवर थांबू नकोस. सरळ घरी ये, कडी वाजव, आणि थोडा वेळ उभा राहा. दार मी उघडणार नाही. त्यांना उघडू दे.

तोवर त्यांच्यावर नजर ठेवून बसलेली,
तुझीच,
आई