तिसऱ्या रविवारची हरकत

शमुवेलजी, प्रभूत सलाम.

रविवारी तुम्ही मिहानमध्ये ड्यूटीवर होते. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणं आपल्या लग्नाची नावं तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटची, वाचली अन् विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?"

मीच उभी राहिली.

बारा वर्षं विधवा आहे मी. पुन्हा संसार मांडायचं भेव वाटून राहिलं होतं. अख्खं चर्च माझ्याकडं पाहून राहिलं होतं. डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, पाय तर उठले, आता तोंड तूच सांभाळ." भेव निघून गेलं. मग मोठ्यानं म्हटलं, "माझीच हरकत होती, पाळकसाहेब. आता नाही!" सगळे हसले.

हे तुम्हाले स्वतः सांगायची हिंमत नाही, म्हणून ही चिठ्ठी पाठवत नाही. लग्नानंतर तुमच्या बायबलात ठेवीन. रोज वाचतो म्हणता नं? पाहूच, केव्हा सापडते!

तुमची होणारी,
करुणा