तुमचे बंधू हयात असल्याबाबत

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे. पोचला असं धरून चालावं.)

तुमचा रक्तदाब कसा आहे? नवी कवळी आता बोलताना मध्येच टाळी वाजवत नाही ना? तुमची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते, कारण हे पत्र संपेपर्यंत ती तशीच राहणं माझ्या दृष्टीने फार गरजेचं आहे. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे मी अजून मोकळी फिरते आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जेव्हा येतं तेव्हा शेजारी तुमचे बंधू बसलेले असतात. आमच्या नाटकाचा टेम्पोवाला दुसऱ्या अंकातला सोफा आणायला तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. पाकीट त्याने फक्त तुमच्याच हातात द्यायचं आहे. तोंडात थर्मामीटर धरल्यासारखा चेहरा करून एखादा गृहस्थ दाराशी आला आणि 'मीच देतो तिला' म्हणाला, तर द्यायचं नाही, असं त्याला बजावलंय.

तुमचे बंधू तुमच्याकडे का आले हे त्यांनी सांगितलं असेलच, आणि अर्थातच अर्धवट सांगितलं असेल. आम्ही दोघं रोज जेवणं झाली की एक मालिका बघत होतो. खऱ्या खुनाची. एका मोठ्या घरातली एकटी म्हातारी, तिचा माळी, तिचा डॉक्टर, तिचा भाचा, आणि सगळ्यांची तोंडं अशी की कोणालाही आत टाकावं. आमचा नियम एकच, एकाने दुसऱ्याला सोडून पुढचं बघायचं नाही. (संसाराचे बाकीचे नियम कधीच वाऱ्यावर गेले, हा एक उरला होता.) शेवटचा भाग लावणार, तेवढ्यात तुमचे बंधू संत्रं सोलता सोलता म्हणाले, "माळी आहे गं. बघ तू." इतक्या थंडपणे! पायात एका रंगाचे दोन मोजे ज्यांना सापडत नाहीत त्यांना खुनी सापडला! मी म्हटलं, तुम्ही चोरून पुढचं बघितलंत. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, बघितलंत. मग मी आणखीही काही म्हटलं, त्यात तुमच्या माहेरचा उल्लेख ओझरता आला, तो तुम्ही मनावर घेऊ नये. ते उठले, बॅग भरली आणि निघाले. संत्रं अर्धं टाकून गेले. मागाहून बघते तर रिमोटही नाही. तो कोणी नेला याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आता माझ्या मैत्रिणी. तुम्ही त्यांना मागे एकदा भेटला आहात आणि त्यानंतर डोकं धरून झोपला होतात. एक हेडबाई, शाळेतून निवृत्त झाल्या पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही. दुसरी औषधांच्या दुकानातली, तिला आम्ही गोळीवाली म्हणतो. तिसरी शिवणवाली, समोरच्या गाळ्यात कपडे उसवून बसवून देते आणि आमच्या जिन्यावर नजर ठेवते. आम्ही चौघी दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे जमतो. दुखणी, भाजीचे भाव, कुठल्या नाटकात कोणाचं पाठांतर कच्चं होतं, असं करत करत शेवटी गाडी खुनावर येते. मग एक भाग लावायचा आणि अर्ध्यावर हेडबाईंनी तो थांबवायचा. प्रत्येकीने खुनी कोण ते पुराव्यासकट सांगायचं. जिचं चुकेल तिने सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. गेली कित्येक वर्षं हे चाललंय. चार बायकांनी इतका नेट स्वयंपाकात लावला असता तर घरोघरी लोक जाडे झाले असते.

घोटाळा असा झाला की तुमचे बंधू गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिघींनी वेगवेगळी चौकशी केली. शिवणवालीने खिडकीतून विचारलं, "साहेब दिसले नाहीत आज?" मी म्हटलं, कामासाठी परगावी गेलेत. हेडबाईंचा फोन आला, त्यांना एक शब्दकोडं अडलं होतं आणि ते 'यांना'च सुटतं. मी म्हटलं, आंघोळीला गेलेत. गोळीवालीच्या दुकानात गेले तर तिने रक्तदाबाची गोळी न्यायला ते का आले नाहीत म्हणून हटकलं. मी म्हटलं, सर्दी झालीय, पडून आहेत. (मग खोकल्याचं औषध घ्यावं लागलं. ते मीच पितेय. चव बरी आहे.) खरं सांगायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. अहो, टीव्हीवरून नवरा घर सोडून गेला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? याच तिघींना मी इतकी वर्षं ऐकवत आलेय की आमच्यात वाद होतच नाहीत, कारण ते ऐकतच नाहीत.

तर गुरुवारी तिघी आल्या. रिमोट नसल्यामुळे टीव्ही लागेना, म्हणून त्यांनी मलाच बघायचं ठरवलं. हेडबाईंनी चष्मा पुसला आणि तिघींच्या जबान्या शेजारी शेजारी मांडल्या. एकाच दिवशी एक माणूस परगावी, अंथरुणात आणि न्हाणीघरात. मी हसले. कोणी हसलं नाही. मग मात्र मी सरळ सांगून टाकलं की ते भांडून बहिणीकडे गेलेत. गोळीवाली म्हणाली, "आत्ता आठवलं होय?" कारण आमच्या गुरुवारचा एक नियम आहे: संशयिताने पहिल्यांदा खोटं सांगून मग खरं सांगितलं, तर तेही खोटंच धरायचं. हा नियम कोणी केला, विचारा. मीच केला. टाळ्या पडल्या होत्या तेव्हा.

तुमच्या बंधूंचा फोन बंद. मग हेडबाईंनी तुम्हाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. आणि वन्सं, तुम्ही म्हणालात, "इथे कोणी आलेलं नाही बाई, आम्ही कोणाला ओळखत नाही." सख्ख्या भावाला ओळखत नाही! त्यांनीच तसं पढवून ठेवलं असणार, ते मी समजू शकते. पण तुमच्या मागून त्यांच्या शिंका ऐकू आल्या, एकापाठोपाठ एक, आणि शेवटी 'अगं आई गं'. मी ओरडले, "हे बघा, हेच ते!" हेडबाईंनी निवाडा दिला की शिंक हा पुरावा होत नाही, शिंका कोणीही देतं.

त्यात सोफ्यामागे गुंडाळलेला गालिचा.

त्याचं असं आहे. आमच्या हौशी नाटक मंडळीत टेबल, फोन, पिस्तूल, फुलदाणी असं स्टेजवर लागणारं सगळं सामान मी बघते, हे तुम्हाला माहीतच आहे. नव्या नाटकात दुसऱ्या अंकभर एक प्रेत लागतं. दिग्दर्शकाने सांगितलं, मध्यम वयाचा, मध्यम उंचीचा, थोडं पोट सुटलेला माणूस करा. आता मला दुसऱ्या कोणाचं माप माहीत आहे? कापडाचा पुतळा शिवला. पोटात सोफ्याच्या जुन्या उशांचा कापूस होता नव्हता तो ओंजळी भरभरून कोंबला, आणि अंगात तुमच्या बंधूंचा निळ्या चौकटींचा शर्ट घातला. तयार झाल्यावर माप बघायला म्हणून त्याला त्यांच्या खुर्चीत बसवलं. बसवलं ते राहूनच गेलं. येता जाता मी त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. (उत्तर न देण्याच्या बाबतीत फारसा फरक जाणवला नाही.) गुरुवारी मैत्रिणी यायच्या आधी मला एकाएकी लाज वाटली, आणि मी त्याला गालिच्यात गुंडाळून सोफ्यामागे सरकवला. माणसाला इतकी कशाची लाज वाटू नये.

निवाडा देऊन झाल्यावर हेडबाई मागे रेलल्या. सोफा सरकला, गालिचा दबला, आणि समोरचा टीव्ही आपोआप सुरू झाला. चौघी जागच्या जागी. हा टीव्ही घेताना दुकानदार म्हणाला होता की याचा रिमोट पांघरुणाच्या आतूनही चालतो, आणि तुमचे बंधू आल्यागेल्याला ते करून दाखवत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: उशांच्या फटीत गेलेला रिमोट मीच कापसाबरोबर त्याच्या पोटात शिवला होता. तोवर मालिकेचा शेवटचा भाग मधूनच कुठून तरी चालू झालेला. मी कानांवर हात ठेवून "बंद करा, बंद करा" ओरडत गालिचा उलगडला. बटण सापडेना म्हणून त्याच्या पोटात गुद्दे घातले. आवाज वाढला. आणखी घातले. आणखी वाढला. दृश्य डोळ्यांपुढे आणा, वन्सं: मी गुडघ्यांवर (हो, तेव्हा वाकले), नवऱ्याच्या शर्टाला बुक्क्या मारतेय आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वांत जवळच्या तीन बायका भिंतीला पाठ लावून उभ्या.

शेवटी शिवणवाली पुढे आली, वाकली आणि शर्टाचं तिसरं बटण बोटाने चाचपलं. ते पांढऱ्यांत एक काळं आहे; तिनेच लावलेलं, कारण तुमच्या बंधूंना दुसऱ्या बटणासाठी थांबायचं नव्हतं. ती म्हणाली, "हा त्यांचा लाडका शर्ट. माझ्याकडे बाही बेतायला दिला तर दुकानात उभे राहिले होते, परत मिळेपर्यंत." मग बटण सोडून, "परत येणाऱ्या माणसाचे कपडे कोणी कापसाने भरतं का गं?"

यावर मी उठले आणि चहा ओतला. चारही कप काठोकाठ, वन्सं!

जाताना चहाला कोणी हात लावला नाही. हेडबाईंनी दारात सांगितलं की रविवारी नाटकाचा पहिला प्रयोग आहे, तोवर त्या गप्प राहतील. त्यानंतर मात्र योग्य ठिकाणी कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. गोळीवालीने जिन्यावरून हात दाबला आणि कुजबुजली, "काही झालं तरी आम्ही भेटायला येत जाऊ." तेव्हापासून शिवणवालीच्या गाळ्याचा दिवा माझ्या दिव्याच्या आधी मालवत नाही. मी केराची पिशवी घेऊन उतरले तर ती बाहेर येऊन तिचं वजन डोळ्यांनी करते. आणि मलाच हल्ली आरशात बघताना वाटतं, अशी बाई मालिकेत दिसली असती तर मी पहिल्या मिनिटाला तिचं नाव घेतलं असतं.

असो. तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नाही. तुमचे बंधू तिथे सुखात असतील तर खुशाल राहावं. मला इथे कशाची म्हणून उणीव नाही. घर शांत आहे, टीव्ही माझा आहे, संत्री पूर्ण खाल्ली जातात. कवळीला जपा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. टेम्पो रविवारी सकाळी सोफा घेऊन परत निघेल. सोफा तिघांचा आहे, त्यावर एक माणूस आरामात बसून येऊ शकतो. प्रयोगाला पहिल्या रांगेत तिघींच्या शेजारी एक खुर्ची मी धरून ठेवली आहे. त्यात तुमचे बंधू बसवून मिळावेत. बोलले नाहीत तरी चालेल. शिंकले तर उत्तम.

ता. क. २. पडदा उघडल्यावर त्यांना निळ्या चौकटींचा शर्ट दिसेल. छातीवर लाल रंग असेल. तो धुतल्यावर जातो, असं डबीवर लिहिलंय. त्यांनी तिथल्या तिथे उभं राहून 'माझा शर्ट!' असं ओरडू नये. प्रेताचा प्रवेश आहे, शांतता लागते.

ता. क. ३. रिमोट त्यांनी नेला नव्हता हे वर आलंच आहे. आता दुसरं. परवा टीव्ही कोकलत असताना मी कानांवर हात ठेवून म्हटलं की मी त्यांच्याशिवाय हा भाग बघणार नाही, तर गोळीवाली माझ्या वरताण ओरडली, "आता कसले ते! भाच्याने मारलंय म्हातारीला, भाच्याने!" तिने कधीच बघून टाकलाय. म्हणजे माळी नव्हे. म्हणजे त्यांनी पुढचं बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर चुकले असते का? दोन दिवस मी हा पुरावा उलटसुलट करून पाहिला, कुठेही फट नाही.

हे त्यांना सांगू नका, मी कबूल केलं असं होईल. फक्त एवढंच सांगा की शेवटचा भाग अजून तसाच ठेवलाय. ते आले की लावीन आणि अर्ध्यावर थांबवीन. त्यांनी माळीच म्हणावं. मीही माळीच म्हणेन. आणि मग कपबशा दोघं मिळून विसळू.