ड्रायव्हर गायब आहे

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडलीत. नवी वही आणायची गरज नाही. बदलासुद्धा काटकसरीत घेता येतो.

आज विहारात महिला मंडळाची मीटिंग. मंडळाचा लॅपटॉप बंद पडलाय. चालू केला की ठिपके गोल फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. विंडोज नव्यानं टाकावं लागेल म्हणे. मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे माझी धाकटी जाऊ करुणा, म्हणाली की बाजारातल्या दुकानात देऊ. मी उभी राहिले. म्हटलं, मी टाकीन. अध्यक्ष सगुणाबाईंनी एवढंच विचारलं की आश्विन पौर्णिमेच्या आत होईल ना. म्हटलं, आठ दिवस खूप झाले.

कारण लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या वर्षावासात तीन महिने एक दिवस न चुकवता ग्रंथवाचनाला बसले. आश्विन पौर्णिमेला सन्मानपत्र मिळालं. त्यावर नाव, सौ. वांगुणाबाई. माइकवरूनही तेच वाचलं. तेव्हापासून अख्ख्या वॉर्डात मी वांगं आहे. भाजीवालीसुद्धा वांगी तोलताना माझ्याकडं बघते. नावं छापून आणली होती करुणानं. तिचं म्हणणं, नावाची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, टायपिंगवाल्याला दिसलं ते त्यानं छापलं. चोराच्या उलट्या बोंबा. शाळेत माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवली नव्हती. उलट गुरुजी माझी वही इतरांपेक्षा जास्त वेळ बघत बसायचे.

यंदा नावं मंडळाच्या लॅपटॉपवरच टाइप होणार. लॅपटॉप माझ्या ताब्यात, म्हणजे नावं माझ्या ताब्यात.

निश्चय पहिला. माझं नाव चांगुणा, च ठसठशीत.
निश्चय दुसरा. तिचं नाव कुरणा. गुरं चरायला सोडतात ते.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी, वंदनेनंतर.

सर्व प्राणिमात्रांना मैत्री दिली. करुणाचं नाव वेगळं घेतलं नाही. प्राणिमात्रांत ती आपोआप येत असेल तर माझा इलाज नाही.

भन्तेजी रोज सांगतात, करुणा बाळगा. आम्ही बाळगलीय, वरच्या मजल्यावर. पुरे आहे.

चौथ्या शीलाचाही विचार केला. खोटं बोलायचं नाही. पण छपाईतली चूक म्हणजे काही बोलणं नव्हे.

लेकीला, भाग्यश्रीला, शिरूरला फोन. ती म्हणाली, आई कशाला नसत्या फंदात पडतेस. मग म्हणाली, विंडोज भरलेला पेनड्राईव्ह पाठवते.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११.

पेनड्राईव्ह आला. एसटीच्या कंडक्टरकडून, साखरेच्या पुडीसारखा कागदात बांधून. कागद जपून ठेवला.

लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावायच्या तीन जागा आहेत. पोर्ट म्हणतात. दोन काळे, एक निळा. विचार करायची गरजच नव्हती. शुभ काम निळ्यातच.

विंडोजचं निळं पान आलं. म्हटलं, बघा. इन्स्टॉल नाऊ दाबलं. इंग्रजीत उत्तर आलं. मॅट्रिकला इंग्रजीत पास झालेय, आपलं आपण वाचलं. तुमच्या कॉम्प्युटरला लागणारा मीडिया ड्रायव्हर गायब आहे. तो डीव्हीडीचा, यूएसबीचा किंवा हार्ड डिस्कचा असू शकतो. असू शकतो म्हणजे? गायब कोण झालंय हेच याला माहीत नाही आणि मला शोधायला सांगतोय.

करुणा जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आक्का, दुसऱ्या पोर्टात लावून बघा की."

म्हणजे मी निळा सोडावा. तिच्या सांगण्यावरून. मेले तरी नाही. डाव ओळखला मी. उद्या सगळीकडं सांगायला मोकळी, की आक्काला पोर्टसुद्धा कळला न्हाई.

२० सप्टेंबर, शनिवार.

भाग्यश्रीनं फोनवर समजावलं. ड्रायव्हर म्हणजे छोटा प्रोग्राम. तो असला तरच विंडोजला डिस्क दिसते, पेनड्राईव्ह वाचता येतो. नसला तर माल समोर उभा असून दिसत नाही.

यांना सांगितलं, ड्रायव्हर गायब आहे. हे बाहेरच्या खोलीत आडवे होते. तीस वर्षं मालगाडी चालवली, आता दिवाण चालवतात. म्हणाले, "मी हितंच हाय." आणि कुशीवर वळले.

२२ सप्टेंबर, सोमवार.

लॅपटॉपला आज हात लावला नाही, कारण दुसऱ्यानं डोकं फिरवलं. हरिबा वाण्याला चिठ्ठी पाठवली होती, चवळी एक किलो. त्यानं वाटाणा पाठवला. जाऊन विचारलं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "मावशी, ववळी काय असती वो? मला वाटलं वाटाणाच आसंल."

डोळे तपासून घे म्हटलं. हरिबाचंही नाव लिहून ठेवलंय. करुणाचं झालं की त्याच्याकडं बघते.

वाटाणा परत केला नाही. भाव कमी लावून घेतला.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

मोबाईलवर स्टोरेज ड्रायव्हर शोधला. हजार निघाले. आपल्या लॅपटॉपच्या कंपनीचे तीन उतरवले, वायरनं पेनड्राईव्हमध्ये टाकले. लोड ड्रायव्हर दाबलं, ब्राऊज दाबलं. फोल्डर दिसतो, आत काहीच नाही. भाग्यश्री म्हणाली, ती फाइल बांधलेल्या गाठोड्यासारखी असते, आधी सोडवायची. सोडवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. दुसरा कॉम्प्युटर वर आहे. करुणाच्या मुलाचा, सुमितचा.

गाठोडं गाठोडंच राहू दे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

करुणा डाळीच्या वड्या घेऊन खाली आली. बोलता बोलता म्हणाली, सुमितला सुट्टीच्या दिवशी सांगू का. मी म्हटलं, कारेगावच्या कंपनीत राबून दमतो पोरगा, त्याला आराम दे. किती गोड बोलले मी. उपेक्षा ही पण भन्तेजींनी सांगितलेलीच एक भावना आहे, ती मी सध्या करते आहे.

वड्या चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहायची गरज नव्हती.

२८ सप्टेंबर, रविवार.

गाठोडं भाग्यश्रीनं शिरूरला सोडवलं, आतल्या फाइली मोबाईलवर पाठवल्या. आता आत दिसतात. तर लॅपटॉप म्हणतो, सही केलेला ड्रायव्हर सापडला नाही. पुढं नेक्स्ट दाबायचीही सोय नाही.

घरात सही करणारा एकच ड्रायव्हर आहे. तोही पेन्शनच्या कागदावर, मी बोट ठेवीन तिथं.

आठ दिवस म्हटले होते, पण मीटिंगचा दिवस, रविवार आणि वाटाण्याचा दिवस धरायचा नसतो.

३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी.

हे चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आगं, मनमाडची गाडी दौंडात आली की काय करायचो? हिकडनं इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला लावायचं. गाडी तीच, डबे तेच. काढ आन् दुसरीकडं लाव."

म्हटलं, ही मालगाडी नाही. आणि हे तुम्हाला वरच्या मजल्यावरून कुणी शिकवलं? हे म्हणाले, कुणी न्हाई. नवऱ्यालाही फितवलंय तिनं.

निळ्यातच लावून अकरा वेळा परत बघितलं. हट्ट नाही. श्रद्धा.

२ ऑक्टोबर, गुरुवार.

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी. विहारात गर्दी. आज बदल्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. दहा मिनिटं टिकलं. करुणानं सगळ्यांसमोर विचारलं, झालं का आक्का. मी म्हटलं, नव्वद टक्के.

उरलेले दहा टक्के म्हणजे विंडोज.

सगुणाबाई म्हणाल्या, कोरी सन्मानपत्रं छापून आलीत, रंगीत बॉर्डरची. बारा बायका आहेत. नावं तेवढी टाइप करा. मी म्हटलं, सगळ्यांची नावं मी स्वतः जातीनं बघणार आहे. करुणा हसली. हस बाई. कुरणात हसायला जागा भरपूर असते.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

झालं.

कसं झालं ते नीट लिहिते, नाहीतर श्रेय भलतीकडं जाईल. निळ्या पोर्टात धूळ होती. ती पुसायला पेनड्राईव्ह काढला. तेवढ्यापुरता ठेवायला जागा नव्हती म्हणून काळ्या पोर्टात ठेवला. ठेवला. लावला नव्हे. मग सहज इन्स्टॉल नाऊ दाबलं. ड्रायव्हरचं काही विचारलंच नाही. सरळ डिस्क दिसली. म्हणजे सगळा घोळ धुळीचा होता. बाजारातल्या दुकानदाराला हे सुचलं असतं का?

हे दारातून बघत होते. म्हणाले, लागलं का इंजिन. मी नेक्स्ट दाबलं.

डिस्कवरचं जुनं सगळं पुसून टाकलं. नवी सुरुवात.

दुपारी ४. अर्ध्यावर बंद पडला. चार्जर मीच काढून ठेवला होता, वीज काय फुकट येते? पुन्हा पहिल्यापासून. पेनड्राईव्ह काळ्यातच राहू दिला. उगाच हलवायचा कशाला.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी.

विंडोज सुरू. डोंगराचं चित्र आलं. वरच्या जिन्याकडं तोंड करून लॅपटॉप अर्धा तास तसाच ठेवला. करुणा आली, बघितलं, म्हणाली, "शाब्बास आक्का." एवढंच. काळ्या पोर्टाकडं बघितलं, पण बोलली काही नाही. हा तिचा सगळ्यात मोठा डाव.

संध्याकाळी ५. जुन्या डिस्कबरोबर मराठीचा फॉन्टही गेला. चांगुणा टाइप करायला गेले तर इंग्रजी अक्षरांचा पाऊस. भाग्यश्रीनं फोनवरून कसंतरी मराठी सुरू करून दिलं. माझं नाव टाइप केलं. च बघून डोळ्यांत पाणी आलं. मग तिचं. कुरणा. प्रिंट दाबलं.

प्रिंटरचा ड्रायव्हर गायब आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा. सकाळी ७.

कार्यक्रम दहाला. प्रिंटर हलत नाही. सगुणाबाईंचा फोन, हातानं लिहा आता. करुणा खाली आली, म्हणाली, द्या आक्का, मी लिहिते, तुम्ही दमलाय. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे हे सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. म्हणूनच नाही दिलं. गेल्या वर्षी नाव दुसऱ्याच्या हातात दिलं आणि वांगं झालं. यंदा माझं नाव माझ्याच हातानं.

बारा सन्मानपत्रं लिहिली. अकरावं तिचं. पेन थोडं थांबलं. पण निश्चय म्हणजे निश्चय. कुरणा. बारावं माझं. सावकाश लिहिलं.

दुपारी ३.

विहार भरलं होतं. सगुणाबाई जाड चष्मा लावून माइकवर एकेक सन्मानपत्र वाचत होत्या. दर नावाला जरा थांबत होत्या. वयानं, मला वाटलं.

अकरावं उचललं. सगुणाबाईंनी कागद लांब धरला, जवळ आणला, आणि वाचलं, "करुणा." बरोबर वाचलं. मुद्दाम केलेली चूक अख्ख्या सभेत कुणाला दिसली नाही. टाळ्या.

बारावं. कागद लांब. कागद जवळ.

"सौ. वांगुणाबाई."

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हसू गेलं. सन्मानपत्र तिथं वर हलत होतं आणि त्यावरचं अक्षर माझं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतंच.

मागून करुणा उठली. ती मीटिंगमध्येसुद्धा मोठ्यानं बोलत नाही. म्हणाली, "चांगुणा. च हाय तो, सगुणाबाई. माझी थोरली जाऊ हाय, चांगुणा. तीन महिन्यांत एक दिवस चुकली न्हाई ती."

सगुणाबाईंनी पुन्हा वाचलं. चांगुणा. माइकवर, स्पष्ट. मग टाळ्या झाल्या. मी गेले आणि घेतलं.

घरी येताना करुणा बरोबर होती. आपलं सन्मानपत्र उन्हात धरून बघत होती. म्हणाली, तुमचं अक्षर लागत न्हाई मला आक्का, पण तुमच्या हातचं हाय. सुमितला सांगून फ्रेम करून घेते, वर दारासमोरच लावते.

मी म्हटलं, फ्रेमला उगाच खर्च. ती म्हणाली, असू द्या.

८ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी.

वंदना केली. मैत्रीत तिचं नाव घेतलं. नीट उच्चारून.

लॅपटॉप मंडळाला परत दिला. प्रिंटरचा ड्रायव्हर सुमित रविवारी टाकणार आहे. टाकू दे. हरिबाचं नाव खोडलं.

माझ्या अक्षराचा प्रश्न नाही. पण हात मोकळा असावा म्हणून समोरचं अख्खं पान भरून च काढले. ओळीनं, ठसठशीत, शाई खर्चून.

हे चहाचा कप घ्यायला आले. पान बघितलं. म्हणाले, "एवढे व कशाला काढलेस गं?"